पार्कसाठी बॉन्ड, मग फेडणार कोण?

प्रश्न: दादा, बहीण कॅलिफोर्नियात असते, ती म्हणते तिकडं पार्कसाठी सरकार बॉन्ड, म्हणजे कर्जरोखे, काढतं न लोक त्यावर मत देतात. आपल्या नागपूरच्या अंबाझरी बागेसाठी असं होईल का? – एक वाचक, धरमपेठ

उत्तर: ताई, खरंय. जून 2018 मध्ये तिथल्या मतदारांनी प्रपोझिशन 68 हा मतदानाला ठेवलेला प्रस्ताव पास केला, 400 कोटी डॉलरच्या बॉन्डचा, पार्क, पाणी न निसर्ग जपायला. पण हे कर्जच आहे बरं, राज्याच्या तिजोरीतून व्याजासकट वर्षानुवर्षं फेडायचं, म्हणून आधी लोकांना विचारतात, मला तर हेच सगळ्यात आवडतं. आपल्याकडं पुणे मनपानं 2017 मध्ये 200 कोटींचे बॉन्ड काढले, पण पाणीपुरवठ्यासाठी, न मतदान वगैरे काही नाही. बागेतून कमाई फारशी नसते, तेव्हा फेडणार कशातून ते आधी विचारा, आणि माळ्याचा पगार, झाडांना पाणी, याची दरवर्षीची तरतूद बजेटमधून वेगळी मागाच.