रात्री सव्वाबाराची ऑर्डर मार्चमध्ये कशी गेली?

प्रश्न : आमच्या दुकानाचा डेटाबेस पोस्टग्रेसवर आहे. १ एप्रिलला रात्री सव्वाबाराला आलेली ऑर्डर अहवालात ३१ मार्चला दिसते. आर्थिक वर्षच बदलतं! साठवतानाच साडेपाच तास मिळवू का?

उत्तर : मुळीच नको. साठवलेली वेळ बरोबर आहे, चुकतेय ती तारीख काढण्याची पद्धत. आपले ००:१५ म्हणजे यूटीसीचे (जागतिक प्रमाणवेळेचे, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) आदल्या दिवशीचे १८:४५. सेशन (डेटाबेसशी चालू असलेली जोडणी) यूटीसीवर असेल तर तारीख ३१ मार्चच निघणार. आधी ‘ॲट टाइम झोन एशिया/कोलकाता’ लावा, मग तारीख काढा. टेबल मोठं असेल तर कॉलमला हात न लावता सीमा द्या: ३१ मार्च १८:३० यूटीसी किंवा त्यानंतरचं. म्हणजे इंडेक्स (नोंदी चटकन शोधून देणारी सूची) वापरला जाईल.

कॉलम ‘टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन’ प्रकारचाच हवा. नाव मोठं फसवं आहे. त्यात झोन साठवलाच जात नाही, वेळ यूटीसीत बदलून ८ बाइटांत बसते. ‘विदाउट’ प्रकारात मात्र तुम्ही +०५:३० लिहिलंत तरी ते मुकाट्याने गाळलं जातं, एररही येत नाही. जुना कॉलम बदलताना आतल्या वेळा कुठल्या झोनच्या आहेत ते बदलाच्या आज्ञेतल्या ‘यूझिंग’ भागात सांगा, नाहीतर सेशनचा झोन धरला जातो. त्याआधी कागदी बिलाशी चार-पाच नोंदी ताडून बघा.

आणि झोनच्या जागी भारतीय वेळेचं ‘आयएसटी’ हे लघुरूप लिहू नका. सेशन यूटीसीवर असेल तर पोस्टग्रेसच्या मूळ सेटिंगमध्ये ती इस्रायलची वेळ ठरते. सकाळचे १० लिहाल, कोलकात्याच्या घड्याळात दुपारचे दीड दिसतील.

प्रश्न : न्यूयॉर्कच्या मुलांचा मराठी वर्ग दर गुरुवारी तिथल्या संध्याकाळी ७ वाजता असतो. वर्षभराच्या वेळा यूटीसीत साठवल्या, तर नोव्हेंबरपासून वर्ग ६ला दिसायला लागले.

उत्तर : घडून गेलेल्या गोष्टीला यूटीसी उत्तम, ठरवलेल्या गोष्टीला अपुरं. २०२६मध्ये १ नोव्हेंबरला तिथली घड्याळं एक तास मागे जातात. संध्याकाळचे ७ आधी २३:०० यूटीसी असतात, नंतर ००:००. म्हणून वार, ‘१९:००’ आणि ‘अमेरिका/न्यूयॉर्क’ असे तीन कॉलम ठेवा, यूटीसी त्यावरून काढा. -०४:०० साठवून भागत नाही, तो फक्त उन्हाळ्याचा फरक. इथून शिकवणाऱ्या बाईंनाही आधीच कळवा: शुक्रवारी पहाटे साडेचारचा वर्ग त्यांच्यासाठी साडेपाचला सरकतो.