टपाची जुनी गाडी : घेणाऱ्यांचे आणि विकणाऱ्यांचे प्रश्न

मुंबईतल्या एका दलालाने १९७० सालची मर्सिडीज-बेंझ २८० एसई ३.५ कॅब्रिओले दाखवली. रंग आरशासारखा. तो म्हणतो, जगात अशा हजारभरच निघाल्या. खरं आहे का? बघायला जाताना काय बघू? — वाचक, ताराबाई पार्क, कोल्हापूर

आकडा जवळपास बरोबर आहे. १९६९ ते १९७१ या काळात ही उघडी गाडी १,२३२ एवढीच बनली. पण तिचीच बंद छपराची बहीण, कूपे, ३,२७० बनली, आणि गोम तिथेच आहे. दोघींच्या किमतीत इतकं अंतर आहे की कूपेचं छप्पर कापून कॅब्रिओले म्हणून विकण्याचा मोह लोकांना होतो. म्हणून रंगाकडे बघण्याआधी चासी नंबर बघा. खरी कॅब्रिओले असेल तर पहिले सहा आकडे १११०२७ असतात, कूपेचे १११०२६. १११०२५ दिसलं तर ती मुळात सहा सिलिंडरची २८० एसई कॅब्रिओले, इंजिन मागाहून बदललेलं. साडेतीन लिटरच्या व्ही-८ इंजिनाचा नंबर ११६९८० ने सुरू होतो. कंपनीने गाडीवर ठोकलेली पाटी, चासी आणि कागद, तिन्हीकडे नंबर जुळला तरच पुढे बोला.

दुसरी गोष्ट पत्र्याची. छप्पर नसलेल्या गाडीचा सगळा ताण दारांच्या उंबऱ्याखालचा पोकळ पत्रा घेतो. गॅरेजवाले त्याला सिल म्हणतात. तो आतून गंजला की गाडी मधोमध वाकते. टप, म्हणजे कापडी छप्पर, खाली घ्या, दारं बंद करा आणि दाराच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत बोटाने चाचपा. मग पुढच्या चाकाच्या मागे जॅक लावून एक कोपरा उचला आणि फट पुन्हा चाचपा. वर चिमटली, खाली रुंदावली किंवा दार उघडताना अडकलं, तर सिल गेला समजा. मग रंग कितीही सुंदर असो, तिथून उठा. मी एकदा या परीक्षेशिवाय गाडी घेतली. घरी आणून फडक्यात गुंडाळलेलं चुंबक सिलवरून फिरवलं, तर हातभर लांबीत ते कुठेच चिकटेना. आत पत्रा नव्हताच, नुसती पुट्टी भरलेली होती. ते चुंबक तेव्हापासून माझ्या खिशात असतं. तुम्हीही न्या.

टपाच्या आत घोड्याच्या केसांचं अस्तर असतं. टप अर्धा उघडून नाक लावा. कुबट वास आला तर पाणी मुरलंय, आणि हा टप नव्याने चढवणं अनेक दिवसांचं हातकाम आहे. इंजिन थंड असताना स्वतः सुरू करून बघा. तुम्ही पोचायच्या आत ते गरम करून ठेवलं असेल, तर थंड होईपर्यंत थांबा. या गाडीला बॉशचं सुरुवातीचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आहे. त्याच्या वायरी पन्नास वर्षांत कडक होऊन तडकतात, आणि ते दुखणं थंड इंजिनातच उघडं पडतं.

गाडी ५० वर्षांवरची आहे. व्हिंटेज नोंदणी केली तर लग्नाच्या वरातीला भाड्याने देता येईल का? दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार बघत मोठा झालो, तशी शान लोकांना हवी असते. — वाचक, शाहूपुरी

नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. नवा नंबर घ्यावा लागला तर त्यात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. पण ही गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच मुभा आहे. भाड्याचा हिशेब मनात धरून पैसे गुंतवणार असाल तर गाडी घेऊ नका. आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला असेल तर ही नोंदणी मिळत नाही. पहिल्या उत्तरातले नंबर इथेही कामाला येतात.

आपल्याकडच्या पावसात ठेवायची कशी? — वाचक, कळंबा

टप वर चढवून. ओला टप मिटून ठेवला की कापड आक्रसतं आणि घडीवर कुजतं. प्लॅस्टिकची ताडपत्री टाकू नका, खाली घाम धरतो. सुती कव्हर घाला. दारांच्या आणि सिलच्या तळाशी पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती मृगाच्या आधी तारेने मोकळी करा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी जिथे चढलं तिथलं तळघर किंवा गॅरेज भाड्याने घेऊ नका. पेट्रोलचंही सांगतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं, ते जुने रबरी पाइप फुगवतं आणि पाणी ओढतं. इथेनॉल सोसणारे पाइप घाला आणि चार महिने टाकीत तेच पेट्रोल पडू देऊ नका.

सुटे भाग उद्यमनगरातल्या कारखान्यांत करून मिळतील? — वाचक, राजारामपुरी

बरेच मिळतील, आणि उत्तम मिळतील. ज्या गावाने ऑइल इंजिनं ओतली त्या गावात ब्राँझचं बुश, पाण्याच्या पंपाचं अंग किंवा दाराची बिजागरी अवघड नाही. फक्त मूळ तुकडा, तुटका का असेना, मिस्त्रीच्या हातात द्या. फोटोवरून माप घेऊन काम होत नाही. ब्रेकचा, स्टिअरिंगचा आणि इंजेक्शनचा भाग मात्र नकलेवर चालवू नका, तो मूळ मागवा.

आजोबांची उघडी गाडी वाड्यात तीस वर्षं उभी आहे. विकण्याआधी रंग मारून घेऊ का? — वाचक, कागल

हात लावू नका. नवा रंग बघितला की जाणकार गिऱ्हाईक आधी विचारतो, खाली काय झाकलंय? जुना फिकट रंग, मूळ चामड्याची सीट, आजोबांच्या सहीचं आरसी बुक, टूलकिटची पिशवी, यांनाच भाव आहे. धूळ मऊ फडक्याने पुसा, उंदरांनी वायरी कुरतडल्यात का बघा. बॅटरी जोडून चालू करायचा प्रयत्न करू नका. आधी टाकी रिकामी करा, स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, दोन दिवस थांबा आणि मग इंजिन पान्याने हाताने फिरवा. फिरलं तर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. गिऱ्हाईक आल्यावर पहिला तोच दाखवा.