वाचकांचे प्रश्न: बुरशी फोफावली, एन्झाइमचा पत्ता नाही

प्रश्न: ताई, मी एमएस्सी बायोटेकला आहे, डोंबिवलीहून रोज लोकलने मुंबईला येतो. प्रोजेक्टला अ‍ॅस्परजिलस नायजर ही काळी बुरशी दिलीय, फ्लास्कमध्ये वाढवून ग्लुकोअमायलेज (स्टार्च तोडून ग्लुकोज करणारं एन्झाइम) मोजायचंय. मीडियात (बुरशीच्या खाद्यात) ग्लुकोज आणि अमोनियम सल्फेट आहे. ओडीचं रीडिंग (द्रव किती गढूळ त्यावरून वाढ मोजायचं) दर वेळी भलतंच येतं, बुरशीचे कधी मणी होतात कधी लापशी, आणि बुरशी मस्त वाढली तरी एन्झाइम जेमतेम, आणि जे येतं तेही पाचव्या दिवशी उतरतं. सर म्हणतात अजून वाढव. काय करू?

उत्तर: अरे आधी ते ओडी बंद कर. यीस्ट-बॅक्टेरियाच्या पेशी सुट्या असतात म्हणून तिथे चालतं, धागेवाल्या बुरशीला नाही. अख्खा फ्लास्क वजन केलेल्या फिल्टर पेपरवर गाळ, डिस्टिल्ड वॉटरने धू, ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळव. दर रीडिंगला एक फ्लास्क जातो, म्हणून सुरुवातीलाच जास्त लावून ठेव.

आता 'अजून वाढव'चं. मला नाही पटत. एन्झाइम मुख्यतः धाग्याच्या वाढत्या टोकांतून बाहेर पडतं, १९९१ सालीच नायजरमध्ये ग्लुकोअमायलेजवर हे दाखवलंय, मग वजन दुप्पट झालं तरी टोकं दुप्पट झाली असं थोडंच आहे! मोठ्या मण्याच्या आत ऑक्सिजन पोचत नाही, विरार लोकलमध्ये मधे अडकलेल्या माणसासारखी गत, बाहेरचा थर तेवढा वाढतो. उलट अगदी सुटे धागे झाले की सगळं घट्ट होतं आणि हवा मिसळायलाच त्रास, कारखान्यात ढवळण्यावर वीज जाते ती यासाठीच. म्हणून स्पोअर (बुरशीचं बी) मोजून टाक, दर वेळी तेवढेच. नायजरचे स्पोअर पाण्यात एकमेकांना चिकटतात, सस्पेन्शनमध्ये थेंबभर ट्वीन ८० (साबणासारखं काम करणारं द्रव्य) घाल. टाल्कची बारीक पूड घालूनही मणी लहान करतात, जमलं तर करून बघ.

ग्लुकोजऐवजी स्टार्च किंवा माल्टोज घे. नायजर त्यावर ग्लुकोअमायलेज जास्त बनवते, आणि कार्बन कॅटाबोलाइट रिप्रेशन नावाची भानगड ग्लुकोज भरपूर असताना अशा बऱ्याच एन्झाइमची जीन दाबून ठेवते.

पाचव्या दिवशी उतरण्याचं, माझा संशय पीएचवर. बुरशी अमोनियम खाते तसं माध्यम आंबट होत जातं, आणि नायजरचे प्रोटीएज (प्रोटीन कापणारी एन्झाइम) आंबट पाण्यातच जोरात चालतात, आपलंच प्रोटीन आपणच कापतात. रोज पीएच बघ, बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घाल किंवा अमोनियमऐवजी नायट्रेटवर जा. एकाच वेळी सगळं बदलू नकोस, नाहीतर कशाने फरक पडला ते व्हायव्हात सांगता येणार नाही.

प्रश्न: कांद्यावरची काळी पूड तीच नायजर ना? मग सायट्रिक अ‍ॅसिड तिच्यापासून कसं चालतं? (वाचक, वसई)

उत्तर: हो, बहुतेक वेळा तीच जात. पण कारखान्यातली स्ट्रेन (वाण) वेगळी, निवडून तपासलेली, आणि सायट्रिक अ‍ॅसिड शुद्ध करून वेगळं काढतात, बुरशी पुडीत येत नाही. १९१९ पासून फायझर कंपनी हे असंच बनवायला लागली. सेल्युलेज (कापसातलं सेल्युलोज तोडणारं एन्झाइम) देणारी दुसरी कारखान्यातली बुरशी, ट्रायकोडर्मा रीसाय, तर दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचं सुती कापड कुजवताना सापडलेली. कांदा मात्र वरचे काळे पापुद्रे काढून धुवून घ्या, आतून मऊ पडला असेल तर सरळ टाकून द्या.