टीव्हीवर गोल फिरतंय? प्लॅन वाढवण्याआधी एक वायर लावून बघा

तुमची तक्रार थोडक्यात अशी: घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे, मोबाइलवर स्पीड टेस्ट केली की आकडा ९० च्या वर येतो, तरी रात्री नऊनंतर हॉलमधल्या टीव्हीवर मॅच लावली की दर दोन-चार ओव्हरला गोल फिरायला लागतं. राउटर बेडरूममध्ये आहे. कस्टमर केअरवाले म्हणतात, २०० चा प्लॅन घ्या. घ्यावा का?

नका घेऊ. निदान आत्ता तरी नको.

मी ब्रॉडबँडच्याच धंद्यात आहे, आणि लोकांच्या घरी जाऊन हीच तक्रार सोडवणं हे माझं रोजचं काम. टीव्हीला खरं तर फार काही लागत नाही. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोरकेला १५ एमबीपीएस पुरतात. म्हणजे तुमच्या १०० मध्ये फोरकेचे पाच-सहा टीव्ही एकदम चालायला हवेत. ते सोडा, एकही धड चालत नाही. अर्थात पाणी टाकीत भरपूर आहे, नळापर्यंत पोचत नाहीये. टाकी मोठी करून काय होणार?

मोबाइलवरच्या स्पीड टेस्टवर फार विसंबू नका. ती तुम्ही बहुतेक बेडरूममध्ये, राउटरशेजारी बसून केली असणार. शिवाय टेस्टचा सर्व्हर पुष्कळदा तुमच्या कंपनीच्याच नेटवर्कमध्ये असतो, त्यामुळे आकडा छान दिसतो. टीव्ही मात्र दोन भिंतींपलीकडे, स्वतः भिंतीला चिकटून, आणि त्याचा वायफायचा अँटेना मागच्या बाजूला, पॅनेल आणि भिंत यांच्या फटीत. फोनला मिळतं ते टीव्हीला मिळेलच असं नाही.

म्हणून पहिलं काम: दहा-पंधरा मीटरची तयार कॅट सिक्स केबल (म्हणजे नेटची लॅन वायर) आणा, राउटरपासून टीव्हीपर्यंत जमिनीवरून नुसती टाका आणि टीव्हीच्या मागच्या लॅन पोर्टमध्ये लावा. एका रात्रीपुरतं. घरातले ओरडतील, ओरडू द्या. मग मॅच बघा. वायरवर एकदाही गोल फिरलं नाही तर लाईन ठीक आहे आणि दोष वायफायचा. वायरवरही फिरलं तर दोष घराबाहेर आहे किंवा टीव्हीच्या आत. बाकीचे सगळे उपाय या एका गोष्टीनंतरच. (लॅनवर टीव्हीत ९४ च्या आसपासच आकडा दिसला तर घाबरू नका, बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्टच १०० एमबीपीएसचं असतं. तुम्हाला तेवढं रगड आहे.)

माझा अंदाज विचाराल तर तुमच्या बाबतीत वायफायच निघेल. टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन तो कोणत्या वायफायला जोडलेला आहे ते बघा. राउटर ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालणारा असेल तर पुष्कळदा दोन नावं दिसतील, एकाच्या शेवटी बहुधा ‘५जी’ लिहिलेलं असतं. मोबाइलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही, ते ५ गिगाहर्ट्झ. टीव्ही साध्या म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर तिथेच घोळ आहे. त्या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. तुमच्या बिल्डिंगमधले सगळे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह त्याच तीन गल्ल्यांत कोंबलेले. रात्री नऊला सगळे घरी येतात, सगळे काहीतरी बघत असतात, आणि तुमची तक्रारही नेमकी नऊनंतरचीच आहे. टीव्ही ५ वर न्या. पण ५ गिगाहर्ट्झला भिंती सोसत नाहीत, त्यात आरसीसीचा कॉलम किंवा लोखंडी कपाट आडवं आलं तर विचारूच नका. राउटर जर कपाटाच्या वर किंवा माळ्यावर सामानामागे ढकललेला असेल तर आधी तो बाहेर काढा. इंटिरिअरवाले तो शोकेसच्या दारामागे लपवतात, मला त्यांचा फार राग येतो.

राउटर हॉलमध्ये आणता आला तर उत्तमच. फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर मात्र स्वतः ओढू नका, ती काटकोनात दुमडली की सिग्नल पडतो. लाईनमनला बोलवा. तो मीटर लावून फायबरमधून तुमच्या डब्यात येणाऱ्या सिग्नलची पॉवर डीबीएममध्ये सांगेल. उणे २० च्या आसपास असेल तर छान, उणे २७ च्या खाली गेली तर त्यालाच दुरुस्त करायला सांगा. एक्स्टेंडर (वायफाय पकडून पुढे देणारा छोटा डबा) घेण्याआधी विचार करा: एकाच बँडवर घेऊन त्याच बँडवर पुढे देणारा स्वस्तातला एक्स्टेंडर स्पीड साधारण निम्म्यावर आणतो. तीच लॅन केबल केसिंग-पट्टीत घालून कायमची बसवली तर त्याहून स्वस्तात काम होतं, आणि एकदा बसवली की त्रास नाही.

टीव्हीला फायर स्टिकसारखी स्ट्रीमिंग स्टिक लावली असेल तर दोन गोष्टी. ती सरळ टीव्हीच्या पाठीत खोचू नका, बॉक्समध्ये छोटी एचडीएमआय वायर येते ती वापरा, स्टिक थोडी बाहेर राहते, वायफायही बरं पकडते आणि तापतही नाही. आणि पॉवर टीव्हीच्या यूएसबीतून घेण्यापेक्षा तिच्या स्वतःच्या अडॅप्टरवरून द्या.

लक्षणांतूनही बरंच कळतं. चित्र आधी फुसकट होऊन मग गोल फिरत असेल तर स्पीड हळूहळू घसरतोय, ॲप खालच्या क्वालिटीवर उतरून तग धरायचा प्रयत्न करतंय. स्वच्छ चित्रावरून एकदम गोल फिरत असेल तर कनेक्शन मध्येच तुटतंय. गोल फिरतच नाही पण चित्र झटके देतं, रिमोटचं बटण दाबल्यावर मेनू उघडायलाही वेळ लागतो, तर नेटला दोष देऊ नका. टीव्हीच थकलाय, मेमरी भरलीय. नको ती ॲप काढून टाका. यूट्यूब चालू करून प्लेयरच्या सेटिंगमध्ये ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ लावा. त्यात ‘बफर हेल्थ’ म्हणून सेकंदांचा आकडा येतो, म्हणजे पुढचं किती सेकंदांचं चित्र आधीच साठलंय. तो शून्याकडे घसरताना दिसला तर माल येत नाहीये. आकडा भरपूर असूनही चित्र अडकलं तर टीव्हीला झेपत नाही.

मॅच अडते पण सिरीज अडत नाही, यालाही कारण आहे. सिरीज आधीच सर्व्हरवर पडलेली, ॲप मिनिटाभराचा साठा पुढे खेचून ठेवतं. लाईव्हमध्ये पुढचा बॉल अजून पडलेलाच नसतो, साठवणार काय? काही सेकंदांच्या तुकड्यांत चित्र येतं, दोन-तीन तुकड्यांची शिल्लक असते, तेवढीच. जास्त साठवायचं तर चित्र मागे पडतं. म्हणूनच डिशवर बघणाऱ्या शेजाऱ्याची सिक्सची आरोळी आधी ऐकू येते.

कधी कधी तर दोष समोरच्याचा, म्हणजे ॲपवाल्यांचा असतो. १९ नोव्हेंबर २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक होते आणि तो भार पेलला गेला. पण २०२४ च्या नोव्हेंबरात माइक टायसन-जेक पॉल बॉक्सिंग फाइटला नेटफ्लिक्सही जगभर अडखळलं. अशा रात्री स्वतःचा राउटर सतरा वेळा बंद-चालू करून काही मिळत नाही. आणि हजार चॅनेल फुकटात देणारं कुठलं तरी ॲप टाकलं असेल, तर त्याचं बफरिंग मला विचारू नका.

राहिला अनलिमिटेड प्लॅनच्या मर्यादेचा, म्हणजे महिन्याचा डेटा संपून स्पीड उतरला असेल असा संशय. पुष्कळ प्लॅनना ती महिन्याला ३३०० जीबी असते. फोरकेला तासाला जास्तीत जास्त ७ जीबी धरले तरी रोज पंधरा तास बघावं लागेल. डीएनएस (साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदला, कॅश (ॲपने साठवलेला जुना डेटा) साफ करा वगैरे सल्ले मिळतील. करून बघायला हरकत नाही, पण लाईव्ह मॅचचं बफरिंग त्याने क्वचितच जातं.

वायरवरही रात्री फिरलं तर फास्ट डॉट कॉम ही स्पीड टेस्टची साइट उघडा, ती नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरकडून मोजते. लॅपटॉप वायरने जोडून एकदा दुपारी तीनला आणि एकदा रात्री साडेनऊला आकडा घ्या. दुपारी ९०, रात्री १२ असं निघालं तर एरियात गर्दी आहे. जीपीओएनवर, म्हणजे घरोघरी येणाऱ्या फायबरच्या नेहमीच्या पद्धतीत, साधारण २.५ जीबीपीएस ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते, पण बहुतेक वेळा कमी पडते ती त्याच्याही पुढे ऑपरेटरने घेतलेली बँडविड्थ. हे दोन आकडे वेळेसकट तक्रारीत लिहा, ‘स्पीड कमी आहे’ एवढंच लिहिलं तर ‘राउटर रिस्टार्ट करा’ हेच उत्तर येईल.

वायरची रात्र झाली की काय निघालं ते आणि राउटरचं मॉडेल कळवा, मग पुढचं बघू.