तळघरातला जुना संडास काढताना

प्रश्न : आमच्या जुन्या घराच्या तळघरात एक संडास आहे. कित्येक वर्षांत कोणी वापरलेला नाही, पण खाली उतरलं की घाण वास येतो. तो काढून तिथे सामानाची खोली करायची आहे. मिस्त्री म्हणतात, भांडं फोडू, पाइपात विटांचे तुकडे भरू, वरून सिमेंट ओतू. एवढ्याने भागेल का?

उत्तर : नाही भागणार. मिस्त्रींना आधी थांबवा.

आमच्या घरी नेमकं हेच केलं होतं. वडिलांनी पाइपाच्या तोंडात गोणपाट कोंबलं आणि वरून सिमेंट थापलं. सिमेंट वाळताना आकसतं, कडेने बारीक फट राहते, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांनी मोठ्या पावसात बाहेरची लाइन तुंबली आणि घाण पाणी ते थापलेलं सिमेंट उचकटून वर आलं. आईची लग्नातली लाकडी पेटी त्या पाण्यात गेली. तुमच्या सामानावर ती वेळ येऊ नये, म्हणून सविस्तर लिहिते.

तळघरातलं भोक हे घरातलं सगळ्यात खालचं तोंड. चेंबरमधलं पाणी त्याच्या 2 मीटर वर चढलं, तर 100 मिमी पाइपाच्या बुचावर खालून सुमारे 16 किलोचा जोर येतो. नुसतं कोंबलेलं काहीही तिथे भरवशाचं नाही.

वासाचं कारण बहुधा साधं असावं. भांड्याच्या वळणात साधारण 50 मिमी पाणी साठलेलं असतं, तेच गटारातला वायू अडवतं. वापर थांबला की ते आटतं. आज बादलीभर पाणी ओतून पाहा. वास गेला तर कारण सापडलं. पण वास येत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. कुजक्या अंड्यासारखा वास असणारा तो वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं. मिथेन तर पेटतो. काम चालू असताना दार उघडं, पंखा चालू, आणि काडी-विडी अजिबात नाही. साफ करायला ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र तर कधीच ओतू नका, त्यातून क्लोरीन निघतो.

भांडं काढण्याआधी पाणी बंद करून नळाच्या टोकाला प्लग लावा, नुसत्या कॉकवर विसंबू नका. भांडं निघालं की पाइपात चिंधी घाला, पण तिला दोरी बांधून दोरीचं टोक बाहेर ठेवा. मग वरच्या मजल्यावर बेसिन, नहाणी, फ्लश एकेक सोडून पाहा. त्यातलं पाणी याच फाट्यातून (संडासापासून मुख्य लाइनला जाणाऱ्या पाइपातून) जात असेल, किंवा व्हेंट पाइप, म्हणजे गटारातला वायू छतावर सोडणारा पाइप, त्याला जोडलेला असेल, तर फाटा मध्येच बंद करता येणार नाही. फक्त संडासाचं तोंड बंद करायचं.

पीव्हीसी पाइप असेल तर फरशीखाली सरळ कापून सॉल्व्हंट सिमेंटने (हा पीव्हीसी चिकटवायचा गोंद, बांधकामाचं सिमेंट नव्हे) एंड कॅप, म्हणजे टोकाचं झाकण, चिकटवा. बिडाचा असेल तर आतला गंज घासून, स्क्रू आवळला की रबर फुगणारा प्लग बसवा. चिंधी त्याआधी आठवणीने ओढून काढा. काँक्रीट मात्र लगेच ओतू नका. दोन-तीन दिवस थांबा, कडेला ओल किंवा वास येतो का बघा, मगच खड्डा बुजवा.

तळघरात नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं जाळीचं भोक, ज्याच्या वळणातही पाणी साठतं) असेल तर त्यातही अधूनमधून तांब्याभर पाणी ओतत राहा. आणि तुंबलेलं पाणी उलटं येण्याची भीती असेल तर बाहेरच्या लाइनवर उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या, नाहीतर ते त्या नहाणीतून वर येईल.

बुजवण्याआधी टेप धरून दोन भिंतींपासून अंतर मोजा, फोटो काढा आणि घराच्या कागदपत्रांत ठेवा.