पाठ येते, पण वाचता येत नाही

‘मॅडम, आमच्या मुलाला डिस्लेक्सिया तर नाही ना?’ हा प्रश्न दरवर्षी सहामाही परीक्षेच्या सुमारास माझ्याकडे येतो (डिस्लेक्सिया म्हणजे वाचन-लेखनात सतत अडचण आणणारी अध्ययन अक्षमता), आणि तो विचारणाऱ्या पालकांची मुले बहुतेक वेळा पहिली-दुसरीतलीच असतात. मागे एका मराठी माध्यमाच्या शाळेतल्या दुसरीच्या मुलाला घेऊन आई-वडील आले, तेव्हाही सुरुवात याच वाक्याने झाली. (ओळख पटेल असे तपशील येथे बदलले आहेत.) मुलगा पुस्तकातला धडा घडाघडा म्हणतो, पण तोच शब्द दुसरीकडे लिहिलेला दिसला की गप्प होतो, अशी बाईंची तक्रार होती. तो मुद्दाम करतो असे वडिलांचे मत होते, तर आईला रात्री झोप लागत नव्हती.

मी त्याला त्याच्याच पुस्तकातला धडा वाचायला सांगितला आणि मध्येच पानावर हात ठेवला, तरी त्याचे वाचन थांबले नाही. बाराखडी, म्हणजे आताची चौदाखडी, त्याला सुरात पाठ होती. मग मी ‘मो’ लिहिलेले कार्ड समोर धरले. तो हळूच ‘म, मा, मि, मी’ असे म्हणू लागला आणि प्रत्येक अक्षरानंतर माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागला. माझी मान कुठे हलते याची तो वाट पाहत होता. मी चेहरा कोरा ठेवला तेव्हा तो ‘मै’पाशी अडखळला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. घरी रोज संध्याकाळी वडील अभ्यास घेत आणि अडले की तो शब्द दहा वेळा लिहायला लावत. अशा वातावरणात मोठ्यांचा चेहरा वाचण्याची कला मुलाने अक्षरे वाचण्याआधी आत्मसात केली होती. सुरुवातीला मला वाटले होते की भीती वर्गातल्या बाईंची असेल. तो माझा अंदाज चुकला.

डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगितले. दोन्ही ठीक निघाले. मग वयाचा हिशेब केला. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलाला त्या वर्षीच्या जूनमध्ये पहिलीत प्रवेश मिळतो. हा मुलगा डिसेंबरचा, म्हणजे शाळेत बसला तेव्हा जेमतेम साडेपाच वर्षांचा, आणि ज्या मुलाशी त्याची तुलना चालली होती तो जवळजवळ एक वर्षाने मोठा. या वयात एक वर्ष फार मोठे असते. शिवाय २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश असला, तरी तिचे प्रमाणपत्र साधारण आठ वर्षांच्या आधी दिले जात नाही, कारण त्याआधी उशीर आणि अक्षमता यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या, पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानातही मुलांना समजून वाचता यावे यासाठी तिसरीच्या अखेरीपर्यंतचा अवधी धरलेला आहे.

मात्र ‘वाट पाहा’ एवढेच सांगून पालकांना परत पाठवणे मला पटत नाही. आपल्या लिपीच्या स्वतःच्या अडचणी आहेत. ‘चि’मधली ऱ्हस्व वेलांटी आधी दिसते आणि तिचा उच्चार मागून येतो, ध आणि घ, भ आणि म यांच्यातला फरक एका छोट्याशा गाठीचा असतो, शिवाय ‘घर’ वाचताना शेवटच्या अक्षरातला ‘अ’ गिळायचा असतो, हे मुलाला कुणी सांगत नाही. म्हणून आम्ही बाराखडी बाजूला ठेवली. म, न, क, ल ही चार अक्षरे आणि एक काना एवढ्यावर मका, नाक, कान, कमल, मला, लाल असे शब्द तयार होतात, आणि ते पाठ केलेले नसल्यामुळे मुलाला खरोखर वाचावे लागतात. वेलांटी त्यानंतर महिन्याभराने आणली. रोज पंधरा मिनिटे, त्याहून जास्त नाही. चुकले की दहा वेळा लिहिणे पूर्ण बंद. आणि वडिलांनी समोर नव्हे तर शेजारी बसायचे, म्हणजे चेहरा दिसणार नाही.

आजीला मी वेगळे काम दिले. गाण्यांऐवजी शब्दांच्या भेंड्या: कपाट म्हटल्यावर टरबूज, टरबूज म्हटल्यावर जहाज. शब्दाचा शेवटचा आवाज वेगळा करून ऐकणे हा वाचनाचा पाया आहे, आणि तो घालायला पुस्तक लागत नाही. आजीला मात्र हा अभ्यास वाटेना. ‘खेळायचंच आहे तर मग तुमच्याकडे कशाला आलो?’ असे तिने मला तोंडावर विचारले.

फेब्रुवारीत आईचा फोन आला. रस्त्यातल्या पाटीवरचे ‘गिरणी’ त्याने कोणाकडेही न पाहता वाचले होते. जोडाक्षरांपाशी तो अजून थांबतो, आणि अनोळखी परिच्छेदाचा वेगही कमी आहे. त्याला आठ वर्षे पूर्ण झाल्यावर, तिसरीत असताना, पुन्हा तपासणी करायची आणि तेव्हाही अडचण तशीच दिसली तर रीतसर चाचणीला पाठवायचे, असे आम्ही ठरवले आहे.