३०६० की ४०६०? आधी खोक्याचा कोपरा वाचा

तुमचा सेटअप कळला. आय-फाइव्ह १०४०० प्रोसेसर, बी४६० मदरबोर्ड, १०८०पीचा (फुल एचडी) मॉनिटर, रात्री गेम आणि शनिवार-रविवार ब्लेंडर (थ्रीडी चित्रं करायचं सॉफ्टवेअर). प्रश्न असा की ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६० घ्यावं की ४०६०. खरं तर मी असल्या प्रश्नांना हल्ली उत्तर देत नाही, पण शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, "लॅमिंग्टन रोडवर एक जण ३०६० बराच स्वस्त देतोय." (लॅमिंग्टन रोड म्हणजे मुंबईतला कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार.) ते वाचून थांबलो. कारण कोणतं ३०६०, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. मीही विचारलं नव्हतं. म्हणजे विचारलं होतं, पण उत्तर नीट ऐकलं नव्हतं.

गोष्ट २०२३ च्या पावसाळ्यातली. महिनाभर तुलनेचे व्हिडिओ बघून मी चक्क एक्सेल शीट केली होती. कुठल्या गेमला किती एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम), सगळं तोंडपाठ. ग्रँट रोडला उतरून भिजत दुकानात पोचलो. काउंटरवर खोकं आलं, त्याच्या कोपऱ्यात '८ जीबी' छापलेलं. मी म्हटलं, हे बारा जीबीचं असतं ना? दुकानदार म्हणाला, "साहेब, मेमरी कमी आहे एवढंच. बाकी सेम टू सेम. १०८०पीला बारा जीबी काय करायचेत?" मला पटलं. खरं सांगायचं तर स्वस्त होतं म्हणून मी पटवून घेतलं.

फरक नुसत्या मेमरीचा नव्हता. १२ जीबीच्या ३०६० चा मेमरी बस (चिप आणि मेमरीमधला डेटाचा रस्ता) १९२ बिटचा, म्हणजे सेकंदाला ३६० जीबी डेटा. ८ जीबीवाल्याचा बस १२८ बिटचा, २४० जीबी. कोअर (हिशोब करणारे भाग) दोन्हीकडे ३५८४, नाव एकच, आणि रस्ता मात्र तीन लेनचा दोन लेन झालेला. गेमप्रमाणे दहा-पंधरा टक्के, कधी त्याहून जास्त मार बसतो. माझी सगळी एक्सेल शीट १२ जीबीच्या कार्डाची होती.

हे मला दोन महिने कळलं नाही, आणि खरा खर्च तिथे झाला. आकडे जुळेनात म्हणून आधी रॅमवर संशय घेतला. एकच स्टिक होती, दुसरी आणली. (त्याने थोडा फरक पडला, ते नाकारत नाही. तुमचीही एकच असेल तर आधी तेवढं करा.) मग दोनदा विंडोज फॉरमॅट. मग चांगला चालणारा पीएसयू (वीज पुरवणारा डबा) काढून नवा घातला. घरचे म्हणाले, खेळतोस कमी आणि उघडझाक जास्त. शेवटी एका रात्री जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं आणि 'बस विड्थ'च्या चौकटीत १२८ दिसलं. पाच मिनिटं नुसता बघत बसलो.

दुकानात गेलो तर सील तुटलंय, परत होणार नाही. तिथून सर्व्हिस सेंटर. टोकन घेऊन सव्वा तास बसलो. तिथल्या मुलाने कार्ड लावलं, डिस्प्ले आला, म्हणाला, "ओके आहे सर." मी म्हटलं, बिघडलंय असं मी म्हणतच नाहीये, कमी पळतंय. तो म्हणाला, "मग कम्प्लेंट काय लिहू?" त्याच्या फॉर्मवर 'डिस्प्ले नाही', 'फॅनचा आवाज', 'हँग होतं' असे रकाने होते, माझ्या दुःखाला रकाना नव्हता. वरिष्ठांना भेटू का विचारलं तर ते जेवायला गेलेले. तीनपर्यंत थांबलो, आले नाहीत. आणि आले असते तरी काय? खोक्यावर ८ लिहिलेलंच होतं.

हे नवीन नाही बरं का. जीटी १०३० हे कार्ड जीडीडीआर५ आणि डीडीआर४ अशा मेमरीच्या दोन तऱ्हांत आलं, डीडीआर४ वाल्याची मेमरी जवळपास तिप्पट हळू. जीटीएक्स १०६० च्या ३ जीबी आणि ६ जीबीत तर कोअरही वेगळे, ११५२ आणि १२८०. म्हणून तुलना करताना नाव नाही, पूर्ण मॉडेल नंबर टाका.

आता तुमचं. समोर ८ जीबीचं ३०६० असेल तर विषय संपला, सोडा. १२ जीबीचं असेल तर विचार करायला जागा आहे. नुसत्या गेमसाठी ४०६० पुढे आहे, १०८०पीला साधारण पंधरा-वीस टक्के. त्याचाही बस १२८ बिटच आहे, पण २४ एमबी एल२ कॅश (चिपमधलीच छोटी, जलद मेमरी) दिल्याने तो बराचसा सावरतो (३०६० ला ३ एमबी). वीज ११५ वॉट, ३०६० ला १७०. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत मे महिन्यात ते ५५ वॉट अंगाला जाणवतात.

एक मेख मात्र आहे. ४०६० प्रोसेसरशी बोलायला पीसीआय एक्सप्रेसच्या आठच लेन वापरतं आणि तुमचा प्रोसेसर पीसीआय एक्सप्रेस ३.० चा, म्हणजे जुन्या, हळू पिढीचा. एरवी थोडंच नुकसान, पण त्याची ८ जीबी मेमरी भरून सांडायला लागली की अडखळतं. सरासरी एफपीएसमध्ये हे दिसत नाही, '१ टक्का लो'चा (सगळ्यात हळू क्षणांचा) आकडा बघा. आणि फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डानेच बनवून घालणं) चालू ठेवून दाखवलेले ४०६० चे आकडे तुलनेत धरूच नका. मुळात ५०-६० एफपीएस मिळत असतील तरच त्याचा उपयोग.

ब्लेंडरमध्ये सीन मेमरीत मावला तर ४०६० चांगलंच पुढे. नाही मावला तर १२ जीबीवाला रेंडर पूर्ण करतो आणि दुसरा एरर देतो किंवा रखडतो. तुमचे सीन किती मोठे ते तुम्हालाच माहीत. मी स्वतः आज १२ जीबीचं ३०६० घेईन, पण मी दुधाने पोळलेला आहे, तेव्हा माझं मत जपूनच घ्या. फक्त गेम खेळणारा माझा भाचा ४०६० वर खूश आहे.

पक्कं बिल घ्या, त्यावर पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, 'आरटीएक्स ३०६०' एवढंच नको. हजार रुपये सोडतो म्हणून कच्च्या पावतीवर घेऊ नका. खोकं तिथेच उघडा, स्टिकर जुळवा. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. आणि निघण्याआधी त्या स्वस्तवाल्याकडून खोक्याच्या बाजूच्या लेबलचा फोटो मागवून इथे टाका, कोणतं आहे ते बघून सांगतो.